बीबीसी मायक्रोचा पॉवर सप्लाय: मूळचा दुरुस्त करावा की नवे मॉड्यूल बसवावे?

एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक १९८१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये आला आणि १९८४ च्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पातून भारतातील शाळांमध्येही पोहोचला. असे यंत्र आज हाती आले, तर पहिली शंका पॉवर सप्लायवर, म्हणजे मेन्सच्या विजेतून संगणकाला लागणारी कमी व्होल्टेज तयार करणाऱ्या भागावर घ्यावी. त्यातील ॲस्टेक कंपनीचा मूळ सप्लाय दुरुस्त करायचा की त्याच्या जागी नवे मॉड्यूल, म्हणजे तयार सप्लाय बसवायचा, हे मात्र दोष नेमका कोठे आहे हे कळल्याशिवाय ठरवू नये.

यंत्र चालू करताच एक सलग सूर निघतो आणि लगेच थांबून छोटी बीप होते. तो सूर थांबलाच नाही, तर प्रोसेसरचे काम सुरू झालेले नाही असे समजावे. याची कारणे अनेक असतात, परंतु ५ व्होल्टचा पुरवठा कमी पडणे हे त्यांपैकी सर्वांत आधी तपासण्याजोगे कारण आहे. हे मोजमाप सप्लायपाशी न करता मुख्य बोर्डावरील टोकांपाशी करावे आणि ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या मर्यादेत आकडा आला तर ठीक मानावा. सप्लायपाशी पूर्ण ५ व्होल्ट आणि बोर्डावर त्याहून बरेच कमी असतील, तर दोष वायरी बोर्डाला जोडणाऱ्या सैल किंवा गंजलेल्या क्लिपांचा आहे. तेथे दोन्हींपैकी कोणताही खर्च करण्याचे कारण नाही.

चालू केल्यावर उग्र वास येऊन धूर निघाला, तर मेन्सच्या बाजूचे रिफा कंपनीचे फिल्टर कपॅसिटर जळाले असण्याची शक्यता फार मोठी असते. त्यांच्या पारदर्शक आवरणाला काळानुसार बारीक तडे जातात, आतल्या कागदात ओलावा शिरतो आणि २३० व्होल्ट मिळताच ते फुटतात. दृश्य भयानक असले तरी सप्लायचा बाकी भाग बहुतेक वेळा शाबूत असतो. म्हणून केवळ धूर पाहून मूळ सप्लाय टाकून देणे मला अन्यायाचे वाटते. नवे कपॅसिटर एक्स-२ (मेन्सवर लावण्याच्या सुरक्षित कपॅसिटरांचा वर्ग) वर्गाचे आणि २७५ व्होल्ट एसी किंवा त्याहून जास्त क्षमतेचे घ्यावेत. जुने अजून फुटले नसले तरी मूळ सप्लाय वापरायचा असेल तर ते बदलायलाच हवेत.

दुरुस्तीच्या बाजूने सांगायचे तर खर्च अगदी थोडा येतो, मूळ रचना टिकते आणि मागचे स्विच, फ्लॉपी ड्राइव्हला वीज देणारा सॉकेट व वायरी जशाच्या तशा राहतात. धोका मात्र मोठा आहे: मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असते आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकते. रेझिस्टरने ते उतरवून मल्टिमीटरने खात्री करण्याची ज्याला सवय नाही, त्याने हे झाकण उघडू नये. दुरुस्तीनंतर सप्लाय प्रथम सिरीज दिव्यातून, म्हणजे मेन्सच्या वायरीत मध्ये जोडलेल्या साध्या बल्बमधून लावावा. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर शॉर्ट नाही, उजळलेलाच राहिला तर आहे.

स्विचिंग ट्रान्झिस्टर उडाला असेल, ट्रान्सफॉर्मर निकामी झाला असेल किंवा आधी कोणी केलेल्या कामात सप्लायच्या बोर्डावरील तांब्याचे ट्रॅक जळाले असतील, तर मी सरळ नव्या मॉड्यूलकडे वळेन. येथे चूक होते ती व्होल्टेजच्या जोडीत. बीबीसीला +५, +१२ आणि –५ अशी तिन्ही व्होल्टेज लागतात आणि –५ सिरियल पोर्टसाठी आवश्यक असते. मीन वेल कंपनीच्या आरटी-६५ या सप्लाय मॉड्यूलच्या मालिकेत ‘ए’ प्रकार नेमका हाच संच देतो, तर ‘बी’ प्रकारात –५ ऐवजी –१२ येते. खरेदी करताना ते शेवटचे अक्षर तपासावे. मॉड्यूल जुन्याच धातूच्या पेटीत बसवावे, पेटीला अर्थिंग जोडलेले ठेवावे आणि मूळ बोर्ड जपून ठेवावा. यंत्र मुलांच्या हाती रोज देणार असाल, तर नव्या मॉड्यूलची निवड मला अधिक सुरक्षित वाटते.

दोन्ही मार्गांत सप्लाय मुख्य बोर्डाला जोडण्यापूर्वी ५ व्होल्टच्या टोकांवर योग्य क्षमतेचा लोड (वीज खेचणारा रेझिस्टर किंवा दिवा) लावून प्रत्येक वायरीचे व्होल्टेज आणि ध्रुवता मोजावी, कारण लोडशिवाय अशा सप्लायचे आकडे भरवशाचे नसतात आणि –५ ची वायर चुकून +५ च्या जागी लागली तर बोर्डावरील चिपा गमावण्याची भीती असते.