सिकलचे सोल्युबिलिटी किट: शिबिराला चालते, निदानाला नाही

मेळघाट किंवा एटापल्लीकडे सिकलचे, म्हणजे सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीचे, शिबिर लावायचे, तर पहिल्या चाळणीसाठी हे किट आजही कामाचे आहे. मशीन नको, वीज नको. फॉस्फेट बफरची बाटली, त्यातच रक्तपेशी फोडणारे सॅपोनिन, सोडियम डायथायोनाइटची पुडी, नळ्या आणि काळ्या रेघांचे कार्ड, झाले सामान.

पुडी बफरमध्ये विरघळवायची, नळीत 2 मिली द्रावण घ्यायचे, बोटाचे 20 मायक्रोलिटर रक्त सोडून हलवायचे आणि 5 मिनिटांनी नळीमागे कार्ड धरायचे. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढुळात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. डायथायोनाइट हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेते आणि तसे रिकामे झालेले एस, म्हणजे सिकलचे सदोष, हिमोग्लोबिन दाट फॉस्फेटमध्ये विरघळत नाही. हिमोग्लोबिनच्या साखळीत ग्लुटामिक ॲसिड या अमिनो ॲसिडच्या जागी व्हॅलिन, हा एवढासा बदल व्हर्नन इंग्रॅम यांनी 1957 मध्ये केंब्रिजहून मांडला. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात तोच नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

किटचा सगळा जीव पुडीत. डायथायोनाइटला हवाही चालत नाही, ओलही नाही. फोडलेली पुडी उद्यासाठी ठेवली, की पावसाळ्यात तिचे खडे होतात, गंधकाचा उग्र वास सुटतो, आणि मग अख्खे गाव निगेटिव्ह! तयार द्रावण मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत फिरवले तरी तीच गत. बर्फाच्या डब्यात न्या, पण वापरण्याआधी थंडी जाऊ द्या. रोज सकाळी एक माहितीतला एएस (वाहकाचा) आणि एक एए (निरोगी माणसाचा) नमुना लावल्याशिवाय रजिस्टर उघडूच नये.

दुसरा घोळ रक्ताच्या मापाचा. हिमोग्लोबिन 7 ग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली असेल तर 20 मायक्रोलिटरमध्ये गढूळपणा येत नाही, दुप्पट घ्यावे लागते. आपल्याकडच्या गरोदर बायांमध्ये हे विसरून चालत नाही. उलट थेंब जास्त पडला किंवा रक्तात चरबी फार असली, तर खोटे पॉझिटिव्ह. सहा महिन्यांखालचे बाळ आणि नुकतेच रक्त चढवलेला माणूस, दोघांसाठी हे किट नाहीच.

खरी उणीव वेगळी. एएस (वाहक) आणि एसएस (रुग्ण) दोन्ही सारखेच गढूळ दिसतात, म्हणजे वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. सेंट्रीफ्यूज असेल तर नळी फिरवून पाहावी: वर लाल कडे आणि खाली फिकट पाणी म्हणजे बहुधा एसएस, खालचे पाणीही लाल राहिले तर एएस. तरी लग्नाचा सल्ला यावर देऊ नये, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणीच हवी. हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या अँटिबॉडीच्या पट्टीवर हा फरक कळतो आणि ती नवजाताला चालते, पण महाग पडते. शिवाय काही सिकल-थॅलेसेमिया (एक जनुक सिकलचे, दुसरे थॅलेसेमियाचे) तिच्यावरही एसएससारखेच दिसतात.

पॉझिटिव्ह आला, की त्याच बैठकीत जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत पुढच्या तपासणीसाठी 2 मिली रक्त घेऊन ठेवावे. पाड्यावरचा माणूस घरी गेला, की पुन्हा बोलावून येत नाही.