लेखन, कॅमेरा की कराटे : नाशिकमध्ये राहून आधी काय धरावं?

नोकरी अंबड किंवा सातपूरला, आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या आणि डोक्यात तीन बेत. कथा लिहाव्यात, मालिकेत निदान छोटं काम मिळवावं, नाहीतर मार्शल आर्ट तरी शिकावी. तिन्ही एकदम सुरू केलं की दिवाळीपर्यंत तिन्ही सुटतं. आवडीवरून निवडायला जावं तर आवडतं सगळंच. म्हणून यातलं पुढे ढकलता येण्यासारखं काय आहे, ते आधी पाहावं असं मला वाटतं.

शरीराचं काम पुढे ढकलता येत नाही. बाविशीत महिनाभरात जमणारी लाथ चाळिशीत वर्षभर घाम काढते, आणि गुडघा कुरकुरतो तो वेगळाच. शहरात कराटेचे क्लास सगळ्यात जास्त दिसतात, ज्युदो-तायक्वांदोचे त्या मानाने कमी. पण जवळ आहे म्हणून कराटे, असं करू नये. ज्युदोत सुरुवातीला पडायलाच शिकवतात. मान न आपटता, हात योग्य वेळी आपटून पडायचं, मग पुढे फेक आणि पकड. त्याला मॅट लागते, त्यामुळे हा क्लास सिमेंटच्या गच्चीवर चालत असेल तर तिथून परत फिरावं. कराटेत काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम आणि कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत. काही क्लासमध्ये नुसत्या कातावर वर्षं निघतात, म्हणून कुमिते कधी सुरू होतं ते पहिल्याच दिवशी विचारावं. तायक्वांदोत सगळा भर लाथांवर.

मुलांसाठी विचारणाऱ्या पालकांना एक गोष्ट सांगावीच लागते. क्लासचा ब्लॅक बेल्ट आणि क्रीडा प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण काय किंवा दहावी-बारावीचे सवलतीचे गुण काय, तिथे मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी बघतात. बेल्टचा रंग कोणी विचारत नाही. ज्युदो 1964 मध्ये ऑलिम्पिकमध्ये आला, तायक्वांदोला 2000 पासून पदकं आहेत. कराटे मात्र टोकियोपुरतं आलं आणि 2024 च्या पॅरिसमध्ये नव्हतं. दर तीन-चार महिन्यांनी बेल्टची परीक्षा आणि प्रत्येक परीक्षेची फी हा खर्चही धरून चालावा. कराटेत संघटना इतक्या आहेत की एकीचा बेल्ट दुसरी मानेलच असं नाही.

अभिनयाचं गणित नाशिककरांसाठी जरा अवघड आहे. दादासाहेब फाळके 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले, पुढे त्यांनी कंपनीही नाशिकला आणली, पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. पण आजचं काम गोरेगावच्या फिल्मसिटीत नाहीतर ठाण्याच्या घोडबंदर रोडला. सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच चित्रित केलेली चाचणी, पाठवायची सोय झाल्यापासून पहिली चाळणी घरबसल्या होते, तरी पुढच्या बोलावण्याला पंचवटी एक्सप्रेस पकडावीच लागते आणि ते बोलावणं बहुतेकदा आदल्या रात्री येतं. मालिकेचा एक दिवस बारा-तेरा तासांचा, पैसे हातात यायला तीन-तीन महिने. अंबडला नोकरी सांभाळून हे कसं करायचं, याचं प्रामाणिक उत्तर ‘जमत नाही’ हेच आहे. काम देण्याआधी ‘रजिस्ट्रेशन’ किंवा पोर्टफोलिओचे पैसे मागणाऱ्याला तर सरळ नाही म्हणावं. काम करणाऱ्याला पैसे मिळतात, त्याने द्यायचे नसतात.

म्हणून अभिनयाची ओढ असेल तर इथे हौशी नाटक धरावं. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रावर स्थानिक संस्था उतरतात. परशुराम साईखेडकर नाट्यगृह आणि कालिदास कलामंदिर या दोन्ही जागा शहराच्या मध्यावर, तालमी संध्याकाळी सातनंतर. पहिल्या वर्षी बहुधा नेपथ्य ओढणं आणि दोन वाक्यांची भूमिका वाट्याला येते. तरी आवाज, उभं राहणं, समोरच्याचं ऐकून बोलणं हे सगळं इथे फुकट शिकायला मिळतं. कॅमेऱ्यासमोर ते जसंच्या तसं चालत नाही हेही खरं. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला हातवारा क्लोजअपमध्ये भडक दिसतो, आणि शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशीच चित्रित होऊ शकतो. हे नंतर शिकता येतं.

(कराटे शिकलो म्हणजे पडद्यावर मारामारी जमेल, हाही समज काढून टाकावा. पडद्यावरचा ठोसा समोरच्यापासून वीतभर लांबून जातो, उरलेलं काम कॅमेऱ्याचा कोन आणि आवाज करतो.)

लेखन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उशिरा उत्तर देणारं. दिवाळी अंकाला कथा द्यायची तर जून-जुलैत पाठवायची. होकार आला तर अंकच हातात पडतो, नकार तर कित्येकदा कळतही नाही. मानधनावर पेट्रोलचा खर्च निघाला तरी पुष्कळ. पुस्तक काढायला पैसे मागणारे प्रकाशक आहेत, पहिल्या पुस्तकासाठी त्यांच्या दारात जाऊ नये. पण लिहिणाऱ्याला नाशिकसारखं गाव नाही. 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे, मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला असते. 2021 चं साहित्य संमेलनही इथेच झालं. नोकरीची सबब सांगणाऱ्यांनी विहितगावचे बाबूराव बागूल आठवावेत. रेल्वेतली नोकरी करत ते लिहीत होते आणि 1963 मध्ये त्यांचा पहिला कथासंग्रह आला.

पंचविशीच्या आत असाल तर आधी मार्शल आर्ट, शक्यतो ज्युदो, आणि जोडीला रविवारी दोन पानं. तिशी-पस्तिशीत माणसांची आवड असेल तर नाटक. चाळिशीनंतर लेखन. अंगाला व्यायाम म्हणून कराटे तेव्हाही चालेल, पण स्पर्धेचा हिशोब सोडून.

कामाची पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर वय विचारात न घेता नाटक बाजूला ठेवा. तालमीला तुम्ही नसलात की तुमच्या प्रवेशातले बाकीचे चौघेही बसून राहतात. क्लासला सकाळ-संध्याकाळ दोन्ही बॅच असतील आणि बॅच बदलायला सर हरकत घेणार नसतील तरच पैसे भरा. रात्रपाळीच्या आठवड्यात कथाच लिहा.