गेटिसबर्गची रणभूमी आणि २६वी नॉर्थ कॅरोलायना: मार्गदर्शक सेवेचे परीक्षण

अमेरिकन यादवी युद्धातील लढाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या, पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गच्या रणभूमीवर १९१५पासून परवानाधारक मार्गदर्शकांची सेवा उपलब्ध असून, मार्गदर्शक पाहुण्यांचीच मोटार चालवत सुमारे दोन तास माहिती देतो. एकाच पलटणीचा मागोवा घ्यायचा असल्यास तसे आधी कळवावे. आम्ही कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या, सैन्यातील २६वी नॉर्थ कॅरोलायना पायदळ पलटण निवडली होती. १ जुलै १८६३ रोजी विलोबी ओढा ओलांडून समोरच्या रानातील, उत्तरेच्या (युनियन) सैन्याच्या २४व्या मिशिगन पलटणीवर चालून जाताना तिच्या सुमारे ८०० सैनिकांपैकी ५००हून अधिक जण ठार वा जखमी झाले आणि अवघ्या २१ वर्षांचा कर्नल हेन्री बर्गविन निशाण पुढे नेण्याच्या धडपडीत धारातीर्थी पडला, हे त्याच चढावर उभे राहून ऐकताना पुस्तकातल्या आकड्यांना वजन येते. उरलेले सैनिक ३ जुलैच्या, पिकेट व पेटिग्रू या कॉन्फेडरेट सेनापतींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चढाईतही होते. शौर्य सांगताना, हे सैन्य गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांसाठी लढत होते, ही बाब मार्गदर्शकाने झाकली नाही, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटले. १८६२च्या न्यू बर्न व माल्व्हर्न हिल येथील लढायांपासून १८६५च्या ॲपोमॅटॉक्स येथील शरणागतीपर्यंतची पलटणीची वाटचाल समजून घ्यायची असेल, तर मात्र जादा वेळ ठरवून घ्यावा.