पहिल्या दिवशीचे गिऱ्हाईक : मोबाइल गेमच्या दुकानांतील उतरत्या किमतींविषयी

मोबाइलवरचे गेम आपण मुख्यतः दोनच दुकानांतून घेतो. अँड्रॉइड वापरणाऱ्यांसाठी गुगल प्ले आणि आयफोन वापरणाऱ्यांसाठी ॲप स्टोअर. या दुकानांची मांडणी, तिथली शोधण्याची सोय, पैसे भरण्याचे पर्याय यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. पण नवा गेम आल्याबरोबर पूर्ण किंमत मोजणाऱ्या माणसाला ही दुकाने कसे वागवतात, हे क्वचितच तपासले जाते. प्रस्तुत परीक्षण तेवढ्यापुरते आहे. फुकट डाउनलोड करून जाहिराती पाहत खेळायचे गेम त्यात धरलेले नाहीत. एकदाच पैसे देऊन घ्यायचे गेम, त्यांची पुढे उतरणारी किंमत आणि त्यामुळे पहिल्या गिऱ्हाइकाच्या मनात येणारी कटुता एवढाच विषय आहे.

किंमत उतरल्याची बातमी ज्याने गेम आधीच घेतला आहे त्याला दुकान स्वतःहून देत नाही, इथून सुरुवात करावी लागते. गेम आपल्या खात्यावर असला की त्याच्या पानावर किमतीच्या जागी ‘उघडा’ किंवा ‘इन्स्टॉल करा’ एवढेच दिसते. एका छोट्या कोडे-गेमची किंमत निम्म्यावर आल्याचे मला कळले ते भाच्याच्या फोनवर. माझ्याकडे त्याच पानावर ‘उघडा’चे बटण होते, त्याच्याकडे जुनी किंमत आडव्या रेघेने खोडलेली, शेजारी नवी किंमत आणि खाली सवलत किती दिवसांत संपणार ते सांगणारी ओळ. तो गेम मी बाजारात आल्या आठवड्यातच घेतला होता आणि त्याला अजून महिनाही झाला नव्हता. गेम बनवणाऱ्यांना मी ईमेल लिहिली. उत्तर सभ्य भाषेत आले, पाठिंब्याबद्दलचे आभार त्यात दोनदा मानलेले होते आणि किमतीतल्या फरकाबद्दल एक अक्षरही नव्हते. रक्कम दीडशे रुपयांच्या आसपासची, म्हणजे घरात चौघांनी बाहेर चहा-वडापाव खाल्ला तर होईल तेवढी. तरीही ती खुपली, कारण ज्यांनी गेमवर सर्वांत आधी विश्वास टाकला त्यांनाच तो सर्वांत महाग पडला होता.

मराठी वाचकाला ही रीत विशेष उफराटी वाटते, याला कारण आहे. आपल्या पुस्तकव्यवहारात ‘प्रकाशनपूर्व सवलत’ नावाची चांगली चाल आहे. कोशाचे खंड असोत की समग्र साहित्याचा संच, पुस्तक हातात येण्याआधी जो पैसे भरतो त्याला ते कमी किमतीत मिळते आणि प्रकाशनानंतर येणाऱ्याला पूर्ण किंमत द्यावी लागते. आगाऊ पैसे भरणारा जोखीम घेतो, त्या जोखमीचा मोबदला त्याला सवलतीच्या रूपाने मिळतो. मोबाइल गेमच्या व्यवहारात जोखीम पहिल्याची आणि सवलत शेवटच्याची. अपवाद अर्थात आहेत. ‘डेथ स्ट्रँडिंग’ हा मूळचा प्लेस्टेशनवरचा गेम ३० जानेवारी २०२४ रोजी आयफोनवर आला तेव्हा त्याची किंमत ३९.९९ डॉलर होती, पण आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना तो निम्म्या किमतीत मिळाला. हे उदाहरण मी मुद्दाम देतो आहे, कारण तसे करता येत नाही ही सबब त्यामुळे उरत नाही. दुकानात सोय आहे, फक्त ती वापरणारे थोडे आहेत.

किंमत का उतरते, हेही समजून घेतले पाहिजे. गेमची दुसरी प्रत काढायला निर्मात्याला जवळपास काहीच खर्च येत नाही, सारा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. पहिल्या काही आठवड्यांत हौशी गिऱ्हाईक येऊन जाते, मग विक्री ओसरते, गेम यादीत खाली घसरतो आणि यादीत दिसेनासा झालेला गेम मोबाइलच्या दुकानात संपल्यातच जमा असतो. किंमत काही दिवस पाडली की खरेदीची लाट येते, गेम यादीत पुन्हा वर दिसू लागतो आणि सवलत संपल्यावरही त्या दिसण्याचा थोडा लाभ मिळत राहतो. भारतात ही उतरंड अधिक तीव्र वाटते. २०१५ मध्ये गुगलने इथल्या सशुल्क ॲपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली, त्यामुळे चारशे रुपयांना घेतलेला गेम पुढे कधीतरी दहा रुपयांना मांडलेला दिसणे अशक्य राहिले नाही. यात निर्मात्याची लबाडी असतेच असे नाही. छोट्या चमूला पुढच्या गेमचे पैसे याच गेममधून उभे करायचे असतात आणि प्रत्येक विक्रीतून दुकानाचे कमिशन आधी वजा होते.

म्हणून सगळ्या घसरणींना एकाच मापाने मोजू नये. निन्तेन्दो या जपानी गेम कंपनीचा ‘सुपर मारिओ रन’ १५ डिसेंबर २०१६ रोजी आयफोनवर आला. पहिले काही टप्पे मोफत आणि पूर्ण गेम उघडायचा तर ९.९९ डॉलर, अशी त्याची योजना होती. मोबाइलच्या मानाने ही किंमत फार आहे, अशी ओरड तेव्हाच झाली. सप्टेंबर २०१७ अखेर नवा खेळप्रकार आणि नवे पात्र घेऊन मोठी सुधारित आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर सुमारे दोन आठवडे किंमत निम्मी होती. मधे नऊ महिने गेले होते, नवा भाग जुन्या गिऱ्हाइकांनाही विनामूल्य मिळाला आणि सवलतीची मुदत जाहीर होती. अशा सवलतीबद्दल तक्रार करणे मला रास्त वाटत नाही. नऊ महिने आधी खेळायला मिळाले, याचीही काही किंमत असते.

महिन्याभरात निम्मी होणारी किंमत हा मात्र वेगळा प्रकार. तिथे पहिली किंमत खरी होती की पुढे खोडून दाखवण्यासाठीच लावली होती, अशी शंका येते आणि ती दूर करण्याचे साधन दुकान देत नाही. दोन्ही दुकानांत गेमच्या पानावर किमतीचा इतिहास दिसत नाही. दुकानात वाण्याने भाव बदलला तर निदान पाकिटावर एमआरपी छापलेली असते. इथे खोडलेला आकडा किती काळ खरोखर लागू होता, हे गिऱ्हाइकाने कुठे पाहायचे?

सर्वांत त्रासदायक ठरतो तो तिसरा प्रकार. पैसे देऊन घेतलेला गेम पुढे फुकट होतो आणि त्यात जाहिराती व छोटी-मोठी खरेदी घुसते. गुगल प्लेवर एकदा मोफत केलेला गेम पुन्हा सशुल्क करता येत नाही, त्यामुळे हा निर्णय कायमचा असतो. निर्मात्याने काळजी घेतली नाही, तर पूर्ण पैसे दिलेल्या माणसाच्या पडद्यावरही जाहिराती येतात. आधी पैसे कोणी दिले होते हे आम्हाला ओळखता येत नाही, हे त्यावरचे ठरलेले स्पष्टीकरण. ॲप स्टोअरपुरते तरी ते टिकत नाही, कारण ॲपलच्या खरेदीच्या पावतीत गिऱ्हाइकाने ॲपची कोणती आवृत्ती सर्वप्रथम घेतली याची नोंद असते आणि तिच्या आधारे जुन्यांना वेगळे काढता येते. सभ्य मार्ग ‘थ्रीज’च्या निर्मात्यांनी दाखवला आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत आलेल्या त्यांच्या अंकांच्या कोड्याच्या पाठोपाठ महिन्याभरातच ‘२०४८’ हा तशाच धाटणीचा गेम फुकटात आला आणि जगभर पसरला. तरीही त्यांनी पुढे जाहिरातींसह मोफत आवृत्ती काढली ती वेगळे ॲप म्हणून. ज्यांनी पैसे दिले होते त्यांचा गेम होता तसाच राहिला.

किंमत उतरूनही पहिले गिऱ्हाईक खूश राहू शकते, याचे माझ्या पाहण्यातले सर्वोत्तम उदाहरण ‘स्टारड्यू व्हॅली’चे आहे. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने घडवलेला हा शेतीचा गेम २४ ऑक्टोबर २०१८ रोजी आयफोनवर ७.९९ डॉलरना आला, नंतर ४.९९ डॉलरवर उतरला. पुढच्या वर्षांत त्याच्या मोठ्या आवृत्त्या, मोबाइलवर उशिरा का होईना, येत राहिल्या, १.६ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. यातल्या एकाही आवृत्तीसाठी जुन्या गिऱ्हाइकांकडून वेगळे पैसे घेतले गेले नाहीत. तीन डॉलरच्या फरकाची आठवण काढणारा खेळाडू मला अजून भेटलेला नाही.

आता दुकानांच्या नियमांकडे वळतो. गुगल प्लेवर खरेदीपासून ४८ तासांच्या आत पैसे परत मागण्याची विनंती थेट दुकानाकडे करता येते, त्यानंतर निर्मात्याच्या दारात जावे लागते. ॲपलकडे तक्रार नोंदवण्याचे वेगळे पान आहे आणि निर्णय प्रत्येक प्रकरण पाहून होतो. किंमत उतरली म्हणून फरक परत मिळेल, असे आश्वासन दोघांपैकी कुणीही देत नाही. याच्या शेजारी संगणकावरील गेमचे ‘स्टीम’ हे दुकान ठेवून पाहावे. तिथे खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मिळतात; शिवाय सवलत लागण्याच्या जरा आधी घेतलेला गेम परत करून लगेच सवलतीच्या किमतीत घेतला, तर तो सोयीचा गैरवापर मानणार नाही, असे त्यांच्या नियमांतच लिहिले आहे. आवडीच्या यादीतला गेम स्वस्त झाला की स्टीम ईमेलही पाठवते. ॲप स्टोअरने तर २०१७ मध्ये आयओएस ११ या आयफोनच्या नव्या प्रणालीबरोबर स्वतःकडची आवडीची यादीच काढून टाकली.

पहिल्या गिऱ्हाइकाची समजूत काढण्याची उदाहरणे मोठ्या कंपन्यांच्या इतिहासात आहेत. पहिला आयफोन जून २००७ अखेर बाजारात आला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याची किंमत ५९९ डॉलरवरून ३९९ वर आणली गेली. संताप उसळल्यावर स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून जुन्या गिऱ्हाइकांना १०० डॉलरची खरेदीची सूट दिली. निन्तेन्दोने ऑगस्ट २०११ मध्ये थ्रीडीएस हे यंत्र २४९.९९ वरून १६९.९९ डॉलरवर आणले तेव्हा आधीच्या गिऱ्हाइकांना २० जुने गेम विनामूल्य दिले. गेमच्या बाबतीत एखादा नवा पोशाख, दोन जादा टप्पे, गेमच्या श्रेयनामावलीत आभाराची एक ओळ, एवढ्यानेही काम भागते. खर्च नगण्य आहे. आधीच्यांची दखल घ्यायला हवी, हे सुचणेच दुर्मीळ आहे.

दोष सगळा एका बाजूचा मात्र नाही. ३ एप्रिल २०१४ रोजी ३.९९ डॉलरना आलेल्या ‘मॉन्युमेंट व्हॅली’त त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवे टप्पे आले आणि त्यांसाठी १.९९ डॉलर मागितले गेले, तेव्हा पुष्कळ गिऱ्हाइकांनी मूळ गेमला एका ताऱ्याची शिक्षा दिली. नव्या कामाचे पैसे मागणे हा गुन्हा ठरवायचा आणि किंमत उतरली की फसवणूक म्हणायची, अशा गिऱ्हाइकापुढे छोट्या निर्मात्याने उभे तरी कसे राहावे? एक तारा देण्याआधी किंमत किती काळाने उतरली आणि मधल्या काळात गेममध्ये काय भर पडली, हे पाहण्याची तसदी आपणही घ्यावी.

ठरावीक मासिक वर्गणीत अनेक गेम खेळू देणाऱ्या योजनांनी ही गणिते आणखी बदलली आहेत. ॲपल आर्केड २०१९ मध्ये भारतात महिना ९९ रुपयांना सुरू झाले आणि गुगलचा प्ले पास २०२२ मध्ये त्याच दराने इथे आला. सशुल्क गेम वर्गणीत सामील झाला की सुटी किंमत देणाऱ्याला पुन्हा चुकचुकल्यासारखे होते. निदान आर्केडवर ‘स्टारड्यू व्हॅली’ किंवा ‘थ्रीज’ हे वेगळ्या आवृत्तीच्या रूपात आहेत आणि वर्गणी थांबवली तरी विकत घेतलेली मूळ प्रत आपल्याकडे राहते.

तर पूर्ण किंमत केव्हा द्यावी? घरात खेळणारे एकाहून अधिक असतील तर माझे उत्तर अनुकूल आहे, कारण गुगल प्लेच्या कुटुंबाच्या सामायिक संग्रहात सशुल्क गेम आणखी पाच जणांना वापरता येतो आणि मग पहिल्या दिवशीची किंमतही माणशी फार पडत नाही. मात्र घेण्याआधी एक गोष्ट पाहावी : गेम दुकानातच सशुल्क आहे, की मोफत उतरवून आत पैसे भरून उघडायचा आहे. दुसऱ्या प्रकारात आत केलेली खरेदी गुगलच्या संग्रहातून घरच्यांना वापरता येत नाही, प्रत्येकाला ती नव्याने करावी लागते. तिथे मी सवलतीची वाट पाहतो.