इन्स्टंट की स्टोरेज? गिझर घेण्याआधी बाथरूमची लाइन मोजा

डिसेंबर उजाडला की नवी मुंबईत कोपरखैरण्यापासून ऐरोलीपर्यंत प्रत्येक घरात मला हाच प्रश्न विचारतात : "दादा, इन्स्टंट घेऊ की स्टोरेज?" दुकानात लिटर, रंग, वॉरंटी सगळं समजावून सांगतात. भिंतीतल्या वायरचं कुणी विचारत नाही. मी वायरिंगची कामं करतो आणि माझ्या मते निर्णय त्या वायरवरच व्हायला हवा.

आधी लेबल वाचू. 3 लिटरचा इन्स्टंट साधारण 3000 वॉटचा असतो, 15 लिटरचा स्टोरेज बहुतेक 2000 वॉटचा. दोन्ही 230 व्होल्टवर. वॉटला व्होल्टने भागलं की करंट मिळतो : इन्स्टंटचा 13 अ‍ॅम्पिअर, स्टोरेजचा 8.7. आता व्होल्टला या अ‍ॅम्पिअरने भागा, कॉइलचा रेझिस्टन्स येईल. शाळेत आपण त्याला रोध म्हणायचो. इन्स्टंटचा 17.6 ओहम, स्टोरेजचा 26.5. पुष्कळांना वाटतं, ताकदवान गिझरचा रोध जास्त असणार. तसं नसतं. रोध कमी म्हणून करंट जास्त, आणि करंट जास्त म्हणून वॉट जास्त.

हा हिशेब गिझर, इस्त्री, शेगडी अशा तापणाऱ्या वस्तूंना सरळ लागू पडतो. पंखा, फ्रिज, एसीला लावू नका. तिथे व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पिअर केल्यावर येणारा आकडा खऱ्या वॉटपेक्षा जास्त असतो.

आता कोपरखैरण्यातल्या एका जुन्या इमारतीतलं घर. वहिनींची तक्रार होती की नवा इन्स्टंट पाणी नीट तापवत नाही, कॉइल खराब निघाली. गिझर बंद असताना लाइनला 228 व्होल्ट होते. चालू केल्यावर मेन बोर्डाला 226 आणि बाथरूमच्या पॉइंटला 219. क्लॅम्प मीटर (वायर न कापता तिच्याभोवती धरून करंट मोजणारा) लावला, करंट 12.4 अ‍ॅम्पिअर. (क्लॅम्प एकट्या फेजच्या वायरभोवती धरायचा. तीन तारांच्या अख्ख्या केबलभोवती धरला तर मीटर शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. शिकाऊ पोरं इथेच फसतात.)

219 भागिले 12.4 म्हणजे 17.7 ओहम. लेबलवरून काढलेला रोध जवळपास एवढाच होता, म्हणजे कॉइल ठणठणीत. 219 गुणिले 12.4 केले तर 2716 वॉट. लेबलवरच्या 230 पेक्षा व्होल्टेज जेमतेम 5 टक्के कमी, पण 3000 वॉटच्या मानाने पॉवर 9 टक्क्यांहून जास्त घटली, कारण व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो आणि दोघांचा गुणाकार दुहेरी मार खातो.

मला काळजी वाटली ती मधल्या 7 व्होल्टची. मेन बोर्ड ते बाथरूम या टप्प्यात ते हरवले. 7 भागिले 12.4, म्हणजे 0.56 ओहम. दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर तेवढ्या अंतराला 0.36 ओहमच्या आसपास देते, उरलेला रोध सैल जोडाचा. 7 गुणिले 12.4 म्हणजे 87 वॉट भिंतीत आणि प्लगमध्ये जळत होते. प्लग काढला तर फेजची पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक पिवळं. 16 अ‍ॅम्पिअरची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच, यावर पडत नाही. ती करंट बघते, जोड किती तापलाय हे तिला कळत नाही.

त्याच लाइनवर 2000 वॉटचा स्टोरेज लावला असता तर करंट 8.4 च्या जवळ आला असता आणि वाया जाणारे वॉट 87 वरून 40 वर. करंट एक तृतीयांश कमी होतो, पण वायरमधली उष्णता निम्म्याहून खाली येते. जुन्या घरांसाठी मी स्टोरेजकडे झुकतो ते याच कारणाने.

बिलाचं म्हणाल तर फारसा फरक नाही. 15 लिटरची बादली 25 वरून 40 अंशांवर न्यायला दोन्हीकडे पाव युनिटच्या थोडं वर लागतं. स्टोरेजची टाकी न वापरता तापत ठेवली तर मात्र थोडी वीज फुकट जाते. फरक पडतो तो वेळेत. इन्स्टंट मिनिटाला जेमतेम तीन लिटर कोमट पाणी देतो, बादलीला पाच-सहा मिनिटं. नळ मोठा सोडला की पाणी गार. स्टोरेजला 60 अंशांपर्यंत जायला अठरा-वीस मिनिटं द्यावी लागतात, पण मग गार पाणी मिसळून दोन बादल्या सलग निघतात. शाळा-ऑफिसची घाई असलेल्या चौघांच्या घराला तेच सोयीचं.

इन्स्टंट मी सुचवतो तो नव्या टॉवरमध्ये. तिथे बाथरूमला 4 एमएमची स्वतंत्र लाइन आहे हे आधी पाहून घेतो. माणसं एक-दोन असावीत, किंवा फक्त भांडी घासायला गरम पाणी हवं असावं.

घराच्या विजेच्या बऱ्याच डिजिटल मीटरच्या पडद्यावर व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर आळीपाळीने दिसतात. बाकी सगळं बंद करून फक्त गिझर लावला तर करंट घरबसल्या कळतो. बाथरूमच्या पॉइंटवरचं मोजमाप मात्र वायरमनकडूनच करून घ्या. ओहम मोजायचे असतील तर आधी लाइन पूर्ण बंद. चालू लाइनवर मल्टिमीटर ओहमवर ठेवून टेकवू नये, मीटरही जातो आणि हातही.

वहिनींनी गिझर बदलून 15 लिटरचा स्टोरेज घेतला. मी प्लग-सॉकेट नवे बसवले, जोड कापून पुन्हा घट्ट केले. मेन बोर्डाला 227, बाथरूमला 224, करंट 8.4. मधल्या टप्प्यात आता 25 वॉट जातात. अर्ध्या तासाने स्विच बंद करून प्लग काढला, पिना नुसत्या कोमट होत्या. दीड एमएमची वायर काढून 4 एमएमची ओढायचं काम मे महिन्यात, मुलांची परीक्षा झाल्यावर.