टॉलेमीचे तीन ग्रंथ: काही महिन्यांच्या वापरानंतर

क्लॉडियस टॉलेमी हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात राहिलेला विद्वान आपल्याला बहुधा 'पृथ्वी केंद्रस्थानी मानणारा आणि पुढे कोपर्निकसने खोटा ठरवलेला' एवढ्याच ओळखीने माहीत असतो. खगोलावरचा 'अल्माजेस्ट', भूगोलावरचा 'जिऑग्राफी' आणि स्वरशास्त्रावरचा 'हार्मोनिक्स' हे त्याचे तिन्ही ग्रंथ गेले काही महिने मी इंग्रजी भाषांतरांतून वापरत आहे. हे वाचायचे ग्रंथ नसून वापरायचे ग्रंथ आहेत. त्यांतली कोष्टके उघडून गणित केल्याखेरीज, किंवा निदान एक तार ताणून बसल्याखेरीज, त्यांची खरी योग्यता कळत नाही.

'अल्माजेस्ट'साठी जी. जे. टूमर यांचे 1984 मधले भाषांतर मी वापरले. ग्रंथाचे 13 भाग आहेत. पहिल्याच भागात जीवांचे (वर्तुळावरील कंसाची दोन टोके जोडणाऱ्या रेषांचे) कोष्टक येते: वर्तुळाचा व्यास 120 भाग धरून, अर्ध्या अंशापासून 180 अंशांपर्यंत, अर्ध्या अर्ध्या अंशाच्या अंतराने 360 नोंदी. आकडे षष्टिमान पद्धतीत आहेत, म्हणजे पूर्णांकानंतर साठांश आणि मग त्याचेही साठांश. 36 अंशांची जीवा 37 भाग 4 कला 55 विकला अशी दिली आहे. गणकयंत्रावर पडताळली तर ती शेवटच्या स्थानापर्यंत जुळते. एका अंशाची जीवा शुद्ध भूमितीने काढता येत नाही हे तो स्पष्ट सांगतो आणि मग दोन बाजूंनी मर्यादा घालून ती मिळवतो. हा प्रामाणिकपणा पुस्तकभर टिकला असता तर पुढच्या बऱ्याच वादांना जागाच राहिली नसती.

सूर्याचे कोष्टक वापरायला सर्वांत सोपे आहे. कालगणना इ.स.पू. 747 पासून, नबोनासर राजाच्या शकाने सुरू होते आणि वर्ष इजिप्शियन, म्हणजे 365 दिवसांचे असते. त्यात लीप वर्ष नसल्यामुळे दिवस मोजणे फार सोयीचे जाते. मात्र आजच्या तारखेसाठी सूर्याचा भोग, म्हणजे राशिचक्रावरचे अंशांतले स्थान, काढला तर तो आठ-नऊ अंशांनी मागे पडतो. कारण उघड आहे: टॉलेमीने सायन वर्ष (ऋतूंचे, म्हणजे एका संपातापासून पुढच्या त्याच संपातापर्यंतचे) 365 दिवस 5 तास 55 मिनिटे 12 सेकंद धरले, आणि ते खऱ्या वर्षापेक्षा साधारण साडेसहा मिनिटांनी मोठे आहे. अठराशेहून अधिक वर्षांत ही मिनिटे साचून आठ दिवस होतात, आणि मुळात असलेली सुमारे एका अंशाची चूक त्यात मिळते. या मूळ चुकीवरूनच त्याच्यावर गंभीर आरोप झालेले आहेत. इ.स. 139 चा शरदसंपात (शरदात दिवस-रात्र समान होण्याचा क्षण) आपण स्वतः अत्यंत काळजीपूर्वक पाहिला असे तो लिहितो, पण ती वेळ प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक दिवस उशिराची आहे आणि आधीचा ग्रीक खगोलज्ञ हिपार्कस याच्या जुन्या वेधात (निरीक्षणात) त्याचेच वर्षमान मिळवून येणाऱ्या उत्तराशी ती नेमकी जुळते. रॉबर्ट न्यूटन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1977 मध्ये याला सरळ लबाडी म्हटले. इतका कठोर निवाडा मला करवत नाही, कारण दोन वेध जुळले नाहीत तर पूर्वसूरींच्या आकड्याकडे झुकण्याची सवय त्या काळी दोष मानली जात असेलच असे नाही. परंतु 'मी पाहिले' या त्याच्या शब्दांवर विसंबून मी एकही गणित केलेले नाही.

चंद्राच्या बाबतीत गंमत वेगळी आहे. भोगापुरते त्याचे प्रतिमान चांगले चालते. पण ते जुळवण्यासाठी त्याने चंद्राचे अंतर इतके बदलते ठेवले आहे की ते कमाल 64 आणि किमान सुमारे 33 पृथ्वीत्रिज्या येते. हे खरे असते तर अष्टमीच्या चंद्राचे बिंब कधीकधी पौर्णिमेच्या बिंबाच्या जवळजवळ दुप्पट रुंद दिसले असते. नुसते आकाशाकडे पाहूनही हे खोटे ठरते, आणि तरीही टॉलेमी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ग्रहांसाठी त्याने मोठ्या वर्तुळावर फिरणारे छोटे वर्तुळ घेतले, पृथ्वी केंद्रापासून बाजूला सरकवली आणि पलीकडे तेवढ्याच अंतरावर असा एक बिंदू मानला, की ज्यावरून पाहिल्यास छोट्या वर्तुळाच्या केंद्राची गती एकसारखी दिसावी. कोपर्निकसला खटकला तो हाच बिंदू. मंगळाचे गणित करून पाहिल्यावर मात्र या युक्तीबद्दल आदर वाटू लागतो, कारण लंबवर्तुळाकार कक्षेचा परिणाम केवळ वर्तुळे वापरून याहून जवळ आणणे कठीण आहे. तारकासूची 48 तारकासमूहांत 1,022 ताऱ्यांची आहे. त्यांचे भोग साधारण एका अंशाने कमी आहेत, आणि अयनचलनाचा (ताऱ्यांच्या संदर्भात संपातबिंदू हळूहळू सरकण्याचा) वेग तो शंभर वर्षांत एक अंश धरतो, जो वास्तविक सुमारे 72 वर्षांत एक अंश आहे.

'जिऑग्राफी'चा अनुभव संमिश्र आहे. बर्गरेन आणि जोन्स यांच्या 2000 सालच्या भाषांतरात सैद्धांतिक प्रकरणेच पूर्ण आहेत, त्यामुळे सुमारे 8,000 स्थळांच्या अक्षांश-रेखांशांची मूळ यादी पाहायची तर दुसरीकडे जावे लागते. भारतापुरते मॅक्रिंडल यांचे 1885 चे जुने पुस्तक अजून उपयोगी पडते. आपल्याकडचा वाचक या यादीत रमतो यात नवल नाही. सोपारा, नाशिक, पैठण आणि तेर ही ठिकाणे तिच्यात थोड्या फिरलेल्या नावांनी सापडतात. पैठण ही 'सिरो पोलेमायोस'ची राजधानी आणि उज्जैन ही 'तियास्तानेस'ची, असे तो लिहितो. हे सातवाहन राजा पुळुमावी आणि क्षत्रप चष्टन असावेत असे अभ्यासक मानतात, आणि दोघांचा काळ एकमेकांशी जोडण्यासाठी ही नोंद इतिहासकारांनी पुष्कळ वापरली आहे. 'सिमुल्ला' म्हणजे चौल. त्याच्या स्थानाबद्दल आधीचा भूगोलकार मरिनस चुकला होता हे तिथे जाऊन आलेल्या व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून आपल्याला कळले, आणि तिथले लोक त्याला 'तिमुला' म्हणतात, असे टॉलेमी स्वतः नोंदवतो.

पण हीच यादी आलेखाच्या कागदावर मांडली की कोकणची किनारपट्टी दक्षिणोत्तर न धावता जवळजवळ पूर्व-पश्चिम आडवी पडते, भारताचे द्वीपकल्पच नाहीसे होते आणि श्रीलंका कित्येक पट फुगते. दोष पद्धतीचा नाही. अक्षांश उन्हाच्या सावलीवरून मिळतात, पण रेखांश काढायचा तर एकच ग्रहण दोन ठिकाणी किती वाजता दिसले हे कळावे लागते. हे त्याला पक्के ठाऊक होते आणि ते तो लिहितोही; मात्र अशा जोड्या त्याच्याकडे जवळपास नव्हत्याच. जे उदाहरण तो देतो ते इ.स.पू. 331 च्या ग्रहणाचे आहे: आर्बेला (आजच्या इराकमधले) येथे पाचव्या तासाला आणि उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला दुसऱ्या तासाला. तीन तासांचा फरक म्हणजे 45 अंश. प्रत्यक्ष अंतर सुमारे 34 अंशांचे आहे. उरलेले रेखांश प्रवाशांनी सांगितलेल्या मजलांवरून, आणि तेही एक अंश म्हणजे 500 स्टेडिया (अंतराचे ग्रीक एकक) असे लहान माप धरून. त्याच्या आधीचा ग्रीक भूगोलज्ञ एराटोस्थेनिस याचे माप 700 होते. त्यामुळे सुमारे 42 अंशांचा भूमध्य समुद्र त्याच्याकडे 62 अंशांचा झाला. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या दोन रीती तो शिकवतो, त्या मात्र हाताने काढून पाहाव्यात अशाच आहेत.

'हार्मोनिक्स' सर्वांत कमी बोलला जाणारा, आणि माझ्या मते सर्वांत टिकलेला ग्रंथ. मी सॉलोमन आणि बार्कर अशी दोन्ही भाषांतरे ठेवली. टिपांसाठी बार्कर चांगले. पायथागोरसपंथी केवळ गुणोत्तरांवर विसंबतात, म्हणून सप्तकावर मध्यम चढवला तर होणारे 8:3 हे अंतर, कानाला गोड लागत असूनही, नियमात बसत नाही म्हणून नाकारतात. ग्रीक संगीतशास्त्रज्ञ ॲरिस्टॉक्सेनसचे अनुयायी कानावर विसंबतात पण मोजत नाहीत. टॉलेमी म्हणतो की कान आणि बुद्धी या दोघांची साक्ष लागेल. त्यासाठी बासऱ्या किंवा तारेला टांगलेली वजने ही साधने बेभरवशाची ठरवून तो मोजपट्टीवर ताणलेल्या तारेकडे वळतो. घोडीचा (तारेखाली सरकवायच्या आधाराचा) माथा गोलसर असावा आणि घोडी बरोबर मध्ये ठेवल्यावर दोन्ही भाग एकाच स्वरात वाजले तरच तार एकसारखी समजावी, इतक्या बारीक सूचना तो देतो.

मी सुताराकडून लांबट पेटी करून घेतली आणि मोकळी तार 120 सेंटिमीटर ठेवली, कारण त्याची सप्तकाची कोष्टके 120 पासून 60 पर्यंतच असतात. त्याच्या 'ताणलेल्या' शुद्ध श्रेणीतली 16:15, 9:8 आणि 10:9 ही गुणोत्तरे लावली की घोडीच्या जागा 112.5, 100 आणि 90 येतात. षड्जापासून वाजवल्यास कोमल ऋषभ, कोमल गांधार, शुद्ध मध्यम. पंचमापासून तीच रचना पुन्हा केली तर भैरवीचे सात स्वर मिळतात. याचा अर्थ ग्रीकांनी भैरवी गायली किंवा आपण ती त्यांच्याकडून घेतली असा मुळीच नाही, हे आवर्जून सांगतो, कारण असले दावे फार झटपट पसरतात. तानपुऱ्याशी ताडून पाहिले तेव्हा मात्र स्वर स्वच्छ बसले. तार दाबताना ताण किंचित वाढतो, त्यामुळे घोडी उंच असेल तर स्वर चढतो. ती शक्य तेवढी बुटकी करून घ्यावी. तिसऱ्या भागात तो स्वरांची ग्रहांशी आणि मनाच्या गुणांशी सांगड घालतो. केप्लरने हा भाग मोठ्या उत्सुकतेने वाचला होता. मला तो शब्दांचा खेळ वाटला, आणि त्याची शेवटची प्रकरणे तर मूळ रूपात उरलेलीच नाहीत.

घ्यायचे असल्यास 'हार्मोनिक्स'चा पहिला भाग आधी घ्यावा, कारण तिथले प्रत्येक विधान एका संध्याकाळी तपासता येते. नंतर 'अल्माजेस्ट'चे पहिला, तिसरा, सातवा आणि आठवा हे भाग. नववा ते तेरावा हे ग्रहांचे भाग त्रिकोणमितीचा सराव असल्याशिवाय उघडू नयेत. 'जिऑग्राफी' ग्रंथालयातून आणली तरी चालेल, फक्त तिचे पहिले पुस्तक वगळू नये. बुधाची कोष्टके मी अजून लावू शकलेलो नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल मत देत नाही.