पिवळ्या दिव्यांची दुरुस्ती

फ्लाइट सिम्युलेटरसाठी 'विमान टाकून, सगळ्या सेटिंगसकट चालू करून देतो' असं म्हणणारा कुणी भेटला आणि तो एनीडेस्क या, दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायच्या ॲपवरून तुमच्या कॉम्प्युटरवर येतो म्हणाला, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचून घ्या. माझे यात अकराएक हजार गेले. एकदम गेले असते तर लगेच बोंब मारली असती. पण ते तीनशे, पाचशे, नऊशे असे सुटे सुटे गेले आणि दर वेळी समोरचा काहीतरी दुरुस्त करून गेला असंच वाटत राहिलं. त्याची सगळी हुशारी इथेच होती. जे बिघडलेलंच नव्हतं, ते तो दुरुस्त करायचा.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आला. त्यात विमानं असतात, पण हौशी माणसाला ती पुरत नाहीत. तो वेगळे पैसे मोजून ॲड-ऑन घेतो. म्हणजे असं बोईंग ७३७-८००, ज्याच्या ओव्हरहेड (डोक्यावरच्या) पॅनलवरचा जवळपास प्रत्येक स्विच खऱ्यासारखा चालतो. बॅटरी, एपीयू (वीज पुरवणारं छोटं इंजिन), इंधनाचे पंप, हायड्रॉलिक्स, सगळं आपल्या हातांनी क्रमानं चालू करायचं. 'कोल्ड अँड डार्क' म्हणजे सगळं बंद असलेल्या स्थितीत असं विमान उघडलं की ते अगदी मेल्यासारखं दिसतं, आणि जागं होताना भराभर पिवळे दिवे लावतं. नवख्याला वाटतं बिघाड झाला. ठगाचं भांडवल ते हेच.

हा मला टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये भेटला. बोलणं गोड, निम्मं मराठी, निम्मं हिंदी, आणि मला पहिल्यापासून 'दादा'. आपण पायलटचं ट्रेनिंग घेतोय असं सांगायचा. मूळ कंपनीकडे जे विमान काही हजारांना मिळतं, ते हा बाराशे रुपयांत देणार होता, तेही 'लाइफटाइम सपोर्ट'सकट. लायसन्स खरं आहे का, असं विचारलं तर उत्तर तयार होतं : "दादा, माझ्या अकाउंटवर जास्तीचं ॲक्टिव्हेशन शिल्लक आहे, तुम्हाला देतो." पैसे गेले, एक झिप फाइल आली. ती उघडून कम्युनिटी फोल्डरमध्ये (सिम्युलेटरची ॲड-ऑन ठेवायची जागा) टाकली. विमान दिसलं, कॉकपिटही दिसलं, पण सहाच्या सहा स्क्रीन काळ्या ठिक्कर. बॅटरी लावली, एपीयू लावला, तरी काळ्याच.

"अँटिव्हायरस फाइल खातोय दादा. तो बंद करा, मी एनीडेस्कवर येतो."

इथे जरा थांबतो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी या एका वाक्यातून आल्या. अँटिव्हायरस कधीकधी खरोखरच चांगली फाइलसुद्धा उचलतो आणि स्क्रीन काळ्या राहतात, म्हणून हे वाक्य पटतं. पण इथे स्क्रीन काळ्या होत्या त्या ॲक्टिव्हेशन नव्हतं म्हणून. त्यानं अँटिव्हायरस बंद करून आत कुठलीतरी छोटी एक्झी (प्रोग्रामची) फाइल टाकली, तेव्हा त्या उजळल्या. त्या फाइलनं आणखी काय काय केलं ते त्यालाच माहीत. या छंदात ही भीती हवेतली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लाइट सिम लॅब्स या नामांकित ॲड-ऑन कंपनीच्या एअरबस ए३२० विमानाच्या इन्स्टॉलरमध्ये क्रोममधले पासवर्ड काढणारं साधन सापडलं होतं. ते फक्त चोरीच्या प्रती वापरणाऱ्याला पकडण्यासाठी होतं, असं कंपनीनं सांगितलं, पण एवढा गदारोळ झाला की ते काढून टाकून माफी मागावी लागली. दुकान मांडून बसलेल्यांच्या इन्स्टॉलरमध्ये जर असं निघू शकतं, तर टेलिग्रामवरच्या दादा-दादा करणाऱ्याच्या झिपमध्ये काय असेल?

स्क्रीन लागल्या, पण पीएफडीवर, म्हणजे पायलटच्या समोरच्या मुख्य स्क्रीनवर, क्षितिजच नव्हतं. निळं-तपकिरी काही नाही, फक्त पिवळी एटीटी ही अक्षरं. शेजारच्या स्क्रीनवर नकाशा कोरा. मी फोटो पाठवला. दोन मिनिटांत निदान आलं : "आयआरएस करप्ट आहे. पाचशे होतील."

ही 'दुरुस्ती' मी डोळ्यांनी पाहिली. तो एनीडेस्कवर आला, आधी कॉकपिटमधलं डोक्यावरचं मागचं पॅनल दाखवलं, तिथले दोन गोल स्विच ऑफवरून नॅववर फिरवले. फिरवताना म्हणाला, "मॉड्यूल रीसेट करतोय." मग एक काळी कमांडची खिडकी उघडली. तिच्यात फोल्डरांची नावं सरसर वर जायला लागली. "फाइल पॅच होतायत, माउसला हात लावू नका आणि विमान अजिबात हलवू नका." मध्येच त्यानं सीडीयूवर (विमानाच्या कॉम्प्युटरची बटणं आणि छोटी स्क्रीन) अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ टाकली. ती 'व्हेरिफिकेशन कोड' आहे म्हणाला. सातआठ मिनिटं खिडकीत नावं पळत होती. मग अचानक पीएफडीवर क्षितिज उगवलं, नकाशावर विमानाचं पांढरं चिन्ह आलं. "झालं दादा." मी पाचशे पाठवले.

खरं काय घडलं ते आता सांगतो, म्हणजे हे पाचशे तरी तुमचे वाचतील. आयआरएस म्हणजे विमान नेमकं कुठे आहे आणि कसं कललंय हे सांगणारी यंत्रणा. ७३७ मध्ये अशा दोन असतात. स्विच नॅववर टाकला की ती पृथ्वीचं फिरणं मोजून स्वतःला जुळवून घेते. याला अलाइनमेंट म्हणतात. विषुववृत्तावर पाचएक मिनिटं, वर ध्रुवांकडे सतरापर्यंत. तोवर क्षितिज नसणं, नकाशा कोरा असणं आणि पांढरा अलाइन दिवा लागलेला असणं, हे सगळं बरोबरच. या वेळात विमान हलवायचं नसतं, कारण हललं की जुळवणी पुन्हा करावी लागते. आणि आपण कुठे उभे आहोत ते सीडीयूतल्या पॉझ इनिटच्या पानावर टाकावं लागतं. त्याचा 'व्हेरिफिकेशन कोड' म्हणजे पुणे विमानतळाचे अक्षांश-रेखांश. काळ्या खिडकीत पळत होतं ते फक्त विंडोजची 'ट्री' ही आज्ञा, माझ्याच ड्राइव्हवरच्या फोल्डरांची यादी. ती कुणीही टाइप करून बघावी. फार मोठं काम चालल्यासारखं दिसतं.

बरं, आयआरएस बंद करून विमान पुन्हा कोल्ड अँड डार्क उघडलं की अलाइनमेंट पुन्हा करावी लागणारच. मला मात्र दुसऱ्या दिवशी 'तोच बिघाड' परत आलेला दिसला. त्यावर त्याच्याकडे उपाय तयार होता : एएमसी. वॉटर प्युरिफायरला असते तशी, आयआरएसची वार्षिक देखभाल!

मग हे सत्र चालूच राहिलं. इंधनाच्या पॅनलवर मुख्य टाक्यांचे चार लो प्रेशर दिवे पिवळे, पण मधल्या टाकीचे दोन विझलेले. "बघा, दोन सेन्सर गेले." ऑटोपायलट सीएमडीला (विमान स्वतः चालवायच्या स्थितीला) लागायचा आणि क्षणात भोंगा वाजून सुटायचा. "सर्वोची फाइल बदलावी लागेल." थ्रॉटल आपोआप पुढेमागे व्हायचा, त्याचे वेगळे.

हा प्रकार थांबला तो वसईला राहणाऱ्या आमच्या एका काकांमुळे. ते विमान देखभाल इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेत. दिवाळीत घरी आले होते, मी कौतुकानं कॉकपिट दाखवलं आणि दुरुस्त्यांची कहाणीही सांगितली. त्यांनी चष्मा लावून इंधनाचं पॅनल पाहिलं.

"पंप बंद आहेत ना? मग प्रेशर कुठून असणार? हे चार लागायलाच पाहिजेत. लागले नसते तर मी विमान सोडलं नसतं."

"आणि हे मधले दोन?"

"त्यांचा स्विच चालू केल्याशिवाय ते लागत नाहीत. रिकाम्या टाकीची तक्रार विमान कशाला करील?" मग माझ्याकडे वळून, "याचे कुणी पैसे घेतले तुझ्याकडून?"

त्या संध्याकाळी एकेक 'बिघाड' सुटत गेला. ऑटोपायलट सुटत होता तो माझ्या जुन्या जॉयस्टिकच्या थरथरीमुळे. काठी हलली की ७३७ समजतं, पायलटला विमान हातात घ्यायचंय. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये डेड झोन (काठीच्या किती हालचालीकडे दुर्लक्ष करायचं ते) थोडा वाढवला, काम झालं. थ्रॉटलचं भांडणही तसंच, ऑटोथ्रॉटल आणि माझा हातातला थ्रॉटल एकाच वेळी हुकूम सोडत होते.

पण सगळ्यात मोठी रक्कम गेली होती ती नेव्हिगेशन डेटाची, आणि ती चोरी काकांना नाही, मला सापडली. एफएमसीमध्ये, म्हणजे विमानाचा मार्ग आखणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, विमानतळ, हवाई मार्ग, उतरण्याच्या पद्धती यांचा साठा असतो. तो जगभर दर २८ दिवसांनी बदलतो, त्या फेऱ्याला एआयआरएसी म्हणतात. नॅविग्राफसारख्या कंपन्या हा डेटा वर्गणी घेऊन देतात. या पठ्ठ्यानं मला 'लाइफटाइम एआयआरएसी' विकलं होतं. दर २८ दिवसांनी बदलणारी गोष्ट एकदाच घेऊन जन्मभर कशी पुरेल, हा प्रश्न त्यानं फाइल टाकून झटपट दाबून टाकला. एफएमसीच्या आयडेंट नावाच्या पानावर डेटाच्या तारखा ताज्या दिसत होत्या : १ नोव्हेंबर ते ३० नोव्हेंबर २०२४. जुन्या डेटाला एफएमसी जी तक्रार करतं, तीही येत नव्हती.

गोव्याला उतरायचं म्हणून मी तिथल्या नव्या मोपा विमानतळाचा कोड टाकला, व्हीओजीए. सीडीयूच्या खालच्या ओळीत आलं : 'नॉट इन डेटा बेस'. पुन्हा टाकला, तेच. जुनं दाभोळी मात्र बिनबोभाट सापडलं. आता मोपावरून प्रवासी विमानं ५ जानेवारी २०२३ पासून उडतायत. नोव्हेंबर २०२४ च्या डेटात मोपा नाही, हे कसं? मग तारखांकडे नीट पाहिलं. एआयआरएसीचा फेरा नेहमी गुरुवारी सुरू होतो आणि २८ दिवस चालतो. त्या वेळचा खरा फेरा ३१ ऑक्टोबरला सुरू झालेला होता. १ नोव्हेंबर शुक्रवार, आणि वर महिना तीस दिवसांचा! कुठलातरी पुरातन डेटा घेऊन त्यानं फाइलच्या डोक्यावरची तारीख नोटपॅडमध्ये बदलली होती, आणि बदलतानाही किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरून बदलली होती. मला रागापेक्षा हसू जास्त आलं. विमानाचं एवढं नाटक करणाऱ्याला गुरुवारही माहीत नव्हता.

पैसे परत मागितले तेव्हा तो शांतच होता. "देतो ना दादा," म्हणाला आणि एक क्यूआर कोड पाठवला. "स्कॅन करा, पिन टाका, रिफंड जमा होईल." यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे एव्हाना शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी तसं लिहिल्यावर त्यानं मला ब्लॉक केलं. रात्री मायक्रोसॉफ्टकडून मेल आला : तुमच्या खात्यात अनोळखी ठिकाणाहून शिरायचा प्रयत्न झाला. एनीडेस्क उघडून पाहिलं, तर त्यानं पहिल्याच दिवशी 'अनअटेंडेड ॲक्सेस'चा पासवर्ड लावून ठेवला होता. म्हणजे कॉम्प्युटर चालू आणि मी जागेवर नाही, अशा कुठल्याही वेळी तो आत येऊ शकत होता. रिझर्व्ह बँकेनं या रिमोट ॲपच्या मार्गानं होणाऱ्या लुटीबद्दल बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं.

नेट तोडलं, फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, आणि विंडोज पुसून नव्यानं टाकलं. ती छोटी एक्झी फाइल आत असताना दुसरा मार्ग नव्हता. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी प्रामाणिकपणे विचारलं, "विमान कितीला घेतलं म्हणालात?" पण तक्रार व्यवस्थित लिहून घेतली, आणि शेवटच्या व्यवहारातले काही पैसे त्या खात्यात गोठवले गेले. आधीचे काढले गेले होते. ज्यांचं असं काही झालंय त्यांनी व्यवहाराचे यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक) आणि चॅटचे स्क्रीनशॉट ब्लॉक व्हायच्या आत जपून ठेवावेत. माझ्याकडे चॅट होतं म्हणूनच तेवढं तरी झालं.

विमान मग मूळ कंपनीकडूनच घेतलं. काही बिघडलंसं वाटलं तर आधी कम्युनिटी फोल्डर बाजूला काढून फक्त तेवढं एक विमान ठेवून बघतो, मग कंपनीनं दिलेलं मॅन्युअल. आयआरएसला लागणारा वेळ कमी करायची सोयसुद्धा त्यातच, सीडीयूच्या सेटिंगमध्ये निघाली.

गडी आता नव्या नावानं आलाय. भाषा तीच, दादा तेच. या वेळी जाहिरातीत एअरबस ए३२० आहे, आणि चित्रावरून ते फ्लायबायवायर या गटानं बनवलेलं दिसतंय, जे मुळातच फुकट मिळतं. त्या विमानात अलाइनमेंट सुरू होताना ओव्हरहेडवर 'ऑन बॅट' असा दिवा काही सेकंद लागून आपोआप विझतो. त्याचा दर त्यानं अजून जाहीर केलेला नाही.